दुसऱ्या डिस्कची वीज

आयबीएमने १२ ऑगस्ट १९८१ रोजी आपला पहिला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला, तेव्हा त्याच्या आतला वीजपुरवठा अवघा ६३.५ वॉटचा होता. आकडा विचित्र वाटतो, पण फोड केली की उलगडतो. ५ व्होल्टवर ७ अँपिअर म्हणजे ३५ वॉट, १२ व्होल्टवर २ अँपिअर म्हणजे २४ वॉट, आणि उणे ५ व उणे १२ व्होल्टच्या दोन किरकोळ पुरवठ्यांचे मिळून साडेचार. बेरीज बरोबर ६३.५. मदरबोर्ड, एखाद-दुसरं कार्ड आणि दोन फ्लॉपी ड्राइव्ह एवढ्या संसाराला ही वीज पुरत होती. पण त्या पेटीत कुणी हार्डडिस्क बसवायला गेलं, की गाडी अडायची. त्या काळातली सव्वापाच इंची जाडजूड हार्डडिस्क सुरू होताना एकटीच १२ व्होल्टवर दोन अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह मागायची, आणि सगळ्या मशीनच्या वाट्याला होते मोजून दोन.

मार्च १९८३ मध्ये आलेल्या ‘एक्सटी’ मॉडेलमध्ये १० मेगाबाइटची हार्डडिस्क कारखान्यातूनच बसवून मिळू लागली आणि तिच्या सोबतीला वीजपुरवठाही दुपटीहून मोठा झाला, १३० वॉटचा. १२ व्होल्टचे दोन अँपिअर होते तिथे आता ४.२ झाले. ज्यांच्याकडे जुनं मशीन होतं त्यांच्यासाठी आयबीएमने एक वेगळी पेटीच विकायला काढली. तिच्यात हार्डडिस्कही होती आणि तिचा स्वतंत्र वीजपुरवठाही. १९८५ मध्ये ‘हार्डकार्ड’ नावाचं उत्पादन आलं. एका कार्डावरच १० मेगाबाइटची डिस्क बसवलेली, आणि लागणारी वीज ती सरळ मदरबोर्डच्या स्लॉटमधून घ्यायची. जुन्या अशक्त वीजपुरवठ्यावरही चालावी म्हणून ती मुद्दाम कमी खाणारी बनवली होती.

जास्तीची डिस्क कॉम्प्युटरला जोडायची म्हणजे आधी तिच्या विजेची सोय पाहायची, हा प्रश्न पर्सनल कॉम्प्युटरइतकाच जुना आहे. आज त्याचं स्वरूप मात्र पार बदललं आहे. वॉट आता मुबलक आहेत. वीज कमी पडत नाही. ती पोहोचवणारी जोडणी दगा देते. दुकानात आपण डिस्क किती टेराबाइटची हे विचारतो, कोणत्या कंपनीची हे विचारतो, वॉरंटी विचारतो. तिला वीज देणारी केबल मात्र काउंटरवर शेवटच्या क्षणी, ‘एक कन्व्हर्टरही द्या’ म्हणून घेतली जाते. आयुष्यभराचे फोटो ज्या डिस्कवर जाणार, तिचं नशीब त्या सगळ्यात स्वस्त तुकड्याच्या हाती असतं.

आपल्याकडे ज्याला सगळे ‘एसएमपीएस’ म्हणतात तो डबा भिंतीतल्या २३० व्होल्टपासून तीन मुख्य व्होल्टेज तयार करतो. पिवळ्या वायरीत १२ व्होल्ट, लालमध्ये ५ व्होल्ट आणि नारिंगीमध्ये ३.३ व्होल्ट. काळी वायर परतीची, म्हणजे ग्राउंड. इंटेलने १९९५ मध्ये आणलेल्या एटीएक्स प्रमाणात हे रंग ठरलेले आहेत. हल्ली दिसायला बरं म्हणून सगळ्याच वायरी काळ्या देण्याची पद्धत पडली आहे. मला ती मुळीच आवडत नाही. रंग हीच तिथली एकमेव सूचनापाटी होती आणि शोभेसाठी ती काढून टाकली गेली.

साडेतीन इंची हार्डडिस्कला या तीनपैकी दोन व्होल्टेज लागतात. तिची मोटर १२ व्होल्टवर फिरते आणि तिचं इलेक्ट्रॉनिक सर्किट ५ व्होल्टवर चालतं. अडीच इंची एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे ती फक्त ५ व्होल्टवर भागवते आणि बहुतेक वेळा दोन-चार वॉटच्या वर जात नाही. मदरबोर्डवरच चिकटून बसणाऱ्या एम-टू प्रकारच्या एसएसडीला केबलच लागत नाही. तिला स्लॉटमधूनच ३.३ व्होल्ट मिळतात. तुम्हाला जास्तीची जागा हवी आहे आणि मदरबोर्डवर असा एक स्लॉट रिकामा आहे, तर पुढचा बराचसा मजकूर तुमच्या कामाचा नाही. तिथे स्क्रू घट्ट बसला की काम झालं.

फिरणाऱ्या डिस्कचं तसं नाही. मिनिटाला ७,२०० फेरे घेत स्थिरावलेली साडेतीन इंची डिस्क साधारण पाच ते आठ वॉट घेते, म्हणजे एका छोट्या एलईडी दिव्याइतकी वीज. पण थांबलेल्या तबकड्यांना त्या वेगापर्यंत न्यायचं तर पहिल्या काही सेकंदांत तिला १२ व्होल्टवर दोन अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो. दळणाचं जातं पहिल्यांदा हलवायला दोघींचा जोर लागतो आणि एकदा फिरायला लागलं की एक हातही पुरतो, तसाच हा प्रकार. म्हणजे एरवी सहा वॉटवर चालणारी डिस्क सुरुवातीला पंचवीस वॉट मागते. ही मागणी डिस्कच्या लेबलावर बहुधा दिसत नाही. तिथे चालू अवस्थेतले अँपिअर छापलेले असतात. सुरुवातीचा आकडा उत्पादकाच्या तांत्रिक माहितीपत्रकात शोधावा लागतो.

घरच्या कॉम्प्युटरला एक जादा डिस्क जोडताना एकूण वॉटची चिंता करायचं कारण नाही, हे यावरून कळतं. बऱ्यापैकी कंपनीचा ४५० वॉटचा एसएमपीएस १२ व्होल्टवर तीस अँपिअर सहज देतो. त्यात दोन कुठल्या कुठे जातात. चिंता करायची ती अगदी स्वस्त, वजनाला हलक्या डब्यांची. त्यांच्यावर छापलेले वॉट आणि ते खरोखर देऊ शकतात ते वॉट यांचा मेळ बसेलच असं नाही. अशा डब्यावर ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर आधीच ताण देत असतील, तर डिस्क सुरू होण्याच्या त्या क्षणी १२ व्होल्टचे ११ होऊ शकतात. एटीएक्स प्रमाणाप्रमाणे १२ व्होल्टची मर्यादा ११.४ ते १२.६ आहे आणि ५ व्होल्टची ४.७५ ते ५.२५. त्याखाली गेलं की डिस्क घुर्रऽऽ करून वेग घ्यायला लागते, मध्येच थांबते, पुन्हा प्रयत्न करते. बाहेर आपल्याला टकटक ऐकू येते आणि आपण म्हणतो, डिस्क गेली. पुष्कळदा डिस्क धडधाकट असते. उपाशी असते, इतकंच. टकटक ऐकू आली की डिस्क बाद ठरवण्याआधी ती वेगळ्या एसएमपीएसवर लावून पाहावी.

चार, सहा, आठ डिस्क असतील तर मात्र हिशेब बदलतो. आठ डिस्कनी एकाच वेळी दोन-दोन अँपिअर मागितले तर सोळा अँपिअर, म्हणजे जवळजवळ दोनशे वॉट, आणि तेही एका दमात. म्हणून सर्व्हरमध्ये डिस्क एकामागून एक सुरू करण्याची सोय असते. घरच्या मशीनला तिची गरज पडत नाही.

एसएमपीएसमधून निघालेली वीज डिस्कपर्यंत जाते ती दोन प्रकारच्या कनेक्टरमधून. जुना चार पिनांचा, पांढऱ्या प्लॅस्टिकचा, ज्याला सरसकट ‘मोलेक्स’ म्हटलं जातं. आणि नवा चपटा, पंधरा पट्ट्यांचा साटा. मोलेक्सच्या पिना जाड, गोल आणि एकमेकींपासून पाच मिलिमीटरवर. एक पिवळी, दोन काळ्या, एक लाल. अनेक अँपिअर तो निमूटपणे वाहून नेतो. त्याचा दोष एकच, की तो बसवायला आणि काढायला कमालीचा हट्टी आहे. कडा एका बाजूने तासलेल्या असल्यामुळे तो उलटा बसू नये अशी रचना आहे, पण प्लॅस्टिक मऊ असेल आणि हात जोराचा असेल तर उलटाही बसतो. मग ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जातात आणि डिस्कचं सर्किट क्षणात जळतं.

साटा २००३ मध्ये आला. त्यात तीन-तीन पट्ट्यांचे पाच गट आहेत: ३.३ व्होल्ट, ग्राउंड, ५ व्होल्ट, पुन्हा ग्राउंड आणि १२ व्होल्ट. प्रत्येक पट्टी दीड अँपिअरची. म्हणजे १२ व्होल्टच्या तीन पट्ट्या मिळून साडेचार अँपिअर, ५४ वॉट. एका डिस्कला हे भरपूर आहे, दोन डिस्कना सुरुवातीच्या क्षणी जेमतेम पुरतं, आणि चार डिस्कना पुरत नाही. बाजारात एका साटातून चार साटा काढणाऱ्या केबल मिळतात. चारही एसएसडी असतील तर त्यांनी काही बिघडत नाही. पण चार हार्डडिस्क त्यावर टांगल्या तर सुरू होताना आठ अँपिअर त्या साडेचारच्या तोंडातून जाऊ पाहतात. साटातून ग्राफिक्स कार्डाला वीज देणारे कन्व्हर्टर तर घेऊच नयेत. त्या कार्डाचा सहा पिनांचा कनेक्टर ७५ वॉटपर्यंत मागू शकतो आणि साटाची धाव ५४ पर्यंत.

आता त्या काउंटरवरच्या कन्व्हर्टरकडे येऊ. जुन्या एसएमपीएसला साटाची तोंडं कमी आणि मोलेक्सची जास्त असतात, त्यामुळे मोलेक्समधून साटा काढणारी वीतभर केबल सर्रास विकली जाते. ती दोन तऱ्हांची असते आणि दुकानदार बहुधा दोन्ही एकाच खणात ठेवतो. पहिल्या तऱ्हेत साटाच्या कनेक्टरमध्ये वायरी वेगवेगळ्या खाचांत दाबून बसवलेल्या असतात आणि मागे छोटं झाकण असतं. प्रत्येक वायर कुठे शिरते ते दिसतं. दुसऱ्या तऱ्हेत वायरींची टोकं पट्ट्यांना जोडून सगळ्यावर वितळलेलं प्लॅस्टिक ओतलेलं असतं. दिसायला ती जास्त गुळगुळीत आणि पक्की. आत काय आहे ते मात्र कळायचा मार्ग नाही.

साटाच्या पट्ट्या एकमेकींपासून फक्त १.२७ मिलिमीटरवर असतात. ओतीव प्लॅस्टिकच्या आत वायरीचा एखादा तंतू सटकलेला असेल, किंवा उबेने प्लॅस्टिक मऊ पडून वायर किंचित सरकली, तर १२ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यातलं अंतर उरतच नाही. पहिल्या दिवशी काही होत नाही. महिन्यांनी, कधी वर्षांनी, तिथलं प्लॅस्टिक करपायला लागतं. करपलेल्या प्लॅस्टिकचा कोळसा होतो आणि कोळसा वीज वाहून नेतो. सरळ शॉर्टसर्किट झालं तर एसएमपीएस स्वतःला बंद करून घेतो; त्याच्यात तशी सोय असते. पण कोळशातून आठ-दहा अँपिअर वाहत असतील तर तीस अँपिअर देऊ शकणाऱ्या एसएमपीएसला त्यात वावगं काहीच दिसत नाही. कुणीतरी वीज मागतंय, मी देतोय, एवढंच त्याला कळतं. १२ व्होल्टवर दहा अँपिअर म्हणजे १२० वॉटची उष्णता, नखाएवढ्या प्लॅस्टिकमध्ये. कनेक्टर पेटतो, आणि ज्या डिस्कला तो लावला आहे तीही त्याच्याबरोबर जाते. इंग्रजी तंत्रविश्वात या केबलबद्दल एक यमकच रूढ झालं आहे, की मोलेक्समधून साटा घ्याल तर सगळा डेटा गमावाल. मला ते अर्धंच पटतं. मोलेक्स बिचारा निर्दोष आहे. दोष ओतीव साटा कनेक्टरचा. दाबून बसवलेल्या वायरींचा, झाकणवाला कन्व्हर्टर घेतला तर तो वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतो.

सैल जोडणीचंही गणित एकदा करून पाहण्यासारखं आहे. चांगल्या कनेक्टरचा रोध ओहमच्या काही हजारांश भागांत असतो. तोच सैल पडून किंवा काळवंडून पाव ओहम झाला असं धरा. दोन अँपिअर वाहताना तिथे अर्धा व्होल्ट खर्च होतो, म्हणजे १२ चे साडेअकरा. उष्णता एक वॉट. हा एक वॉट सुईच्या टोकाएवढ्या जागेत साठतो, त्याने धातू आणखी काळवंडतो, रोध आणखी वाढतो. ५ व्होल्टच्या बाजूला एक अँपिअर वाहत असला तरी पाव व्होल्ट जातो आणि आपण थेट ४.७५ च्या रेषेवर येऊन उभे राहतो. जोडण्या जितक्या जास्त, तितक्या अशा जागा जास्त. म्हणून कन्व्हर्टरला स्प्लिटर आणि स्प्लिटरला आणखी एक वाढवणी अशी साखळी करू नये. एसएमपीएसमधून साटाच्या दोन वेगळ्या केबल निघत असतील तर जुनी डिस्क एकीवर आणि नवी दुसरीवर लावावी.

केबल सुट्या करता येतात अशा एसएमपीएसमध्ये आणखी एक सापळा आहे. तिथे केबलचं डिस्कच्या बाजूचं तोंड प्रमाणबद्ध असतं, पण एसएमपीएसच्या बाजूचं तोंड प्रत्येक कंपनी आपल्या मनाने आखते. कधीकधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही ते वेगळं असतं. आकार जुळतो, केबल खट्कन बसते आणि ५ व्होल्टच्या वायरीत १२ व्होल्ट येतात. जुना एसएमपीएस बदलताना ‘केबल आहेतच की आतमध्ये’ म्हणून त्याच ठेवल्या आणि कॉम्प्युटरमधल्या सगळ्या डिस्क एका फटक्यात गेल्या, अशी उदाहरणं पुष्कळ आहेत. केबल ज्या डब्यासोबत आली त्याच डब्याला लावायची. कुठली कुणाची याची खात्री नसेल तर आधी डिस्क न जोडता मशीन सुरू करावं आणि त्या केबलच्या मोलेक्स तोंडावर मल्टिमीटर लावून पाहावा: पिवळ्याच्या जागी १२, लालच्या जागी ५. मोजताना मल्टिमीटरच्या दोन सळ्या एकमेकींना टेकू द्यायच्या नाहीत.

आता एक कोडं, ज्याने अनेकांना हैराण केलं आहे. नवी डिस्क, नवी केबल, एसएमपीएस उत्तम, आणि तरीही डिस्क फिरतच नाही. टकटकही नाही; पूर्ण शांतता. तीच डिस्क दुसरीकडे लावली की चालते. याचं उत्तर साटाच्या पहिल्या तीन पट्ट्यांत आहे. तिथे ३.३ व्होल्ट द्यायचे असं मुळात ठरलं होतं, पण डेस्कटॉपच्या डिस्कनी ते जवळपास कधी वापरलेच नाहीत. मग २०१६ च्या सुधारित साटा प्रमाणात तिसऱ्या पट्टीला नवं काम दिलं गेलं. त्या पट्टीवर व्होल्टेज आलं की डिस्कने बंद व्हायचं. डेटा सेंटरमध्ये हजारो डिस्क असतात. एखादी अडकली तर माणूस न पाठवता दुरूनच तिची वीज तोडून पुन्हा देता यावी, यासाठी ही सोय. कल्पना चांगलीच होती, पण जुन्या पद्धतीचा एसएमपीएस त्या पट्टीवर सतत ३.३ व्होल्ट देत राहतो आणि डिस्क ‘बंद राहा’ हा हुकूम इमानाने पाळत बसते. एक्स्टर्नल डिस्कचं कवच काढून आतली डिस्क डेस्कटॉपमध्ये बसवणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो. यावर दोन उपाय आहेत. डिस्कच्या तिसऱ्या पट्टीवर उष्णतारोधक कॅप्टॉन टेपचा बारीक तुकडा चिकटवणं, किंवा नारिंगी वायर नसलेल्या केबलने वीज देणं. आणि इथे मोलेक्समधून काढलेला साटा सरस ठरतो, कारण मोलेक्समध्ये ३.३ व्होल्ट मुळातच नसतात.

ऑफिसांतून निघालेले सेकंडहँड डेस्कटॉप आपल्याकडे आता घरोघरी दिसतात. ते उघडले की पुष्कळांमध्ये एसएमपीएसमधून डिस्ककडे जाणारी एकही वायर सापडत नाही. त्यांचा वीजपुरवठा फक्त १२ व्होल्ट देतो, ५ व्होल्ट मदरबोर्डवरच तयार होतात आणि डिस्कची वीज मदरबोर्डवरच्या एका छोट्या तोंडातून निघते. अशा मशीनला बाजारातला साधा एसएमपीएस बसत नाही आणि त्या छोट्या तोंडाची क्षमताही बेताची असते, कारण ती वीज मदरबोर्डच्या तांब्याच्या पातळ रेषांमधून येते. त्या मॉडेलसाठीच बनवलेली केबल शोधावी आणि शक्यतो एसएसडीच जोडावी. तिथे तीन-चार हार्डडिस्कचा हट्ट धरला तर मदरबोर्डच पणाला लागतो.

प्रत्यक्ष बसवणं हे यातलं सगळ्यात सोपं काम. मशीन बंद करून प्लग भिंतीतून काढायचा. कॉम्प्युटर नुसता शटडाउन केला तरी मदरबोर्डवर ५ व्होल्टचा एक पुरवठा चालूच असतो. प्लग काढल्यावर पॉवर बटण काही क्षण दाबून धरलं की उरलासुरला भार निघून जातो. कॅबिनेटच्या रंग न दिलेल्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवायची, विशेषतः कोरड्या हिवाळ्यात. डिस्क आधी स्क्रूने घट्ट बसवायची आणि मग केबल लावायची, म्हणजे कनेक्टरवर वजन येत नाही. केबल ताणलेली नको, तिला कनेक्टरच्या अगदी तोंडाशी काटकोनात वाकवायचीही नाही. एसएमपीएसचा डबा मात्र कोणत्याही कारणाने उघडायचा नाही. आतले कपॅसिटर सव्वातीनशे व्होल्ट किंवा त्याहूनही जास्त भारलेले असतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ तसेच राहतात.

अचानक वीज गेली तर डिस्कचं काय होतं, हेही सांगण्यासारखं आहे. वाचणारं डोकं तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. तबकडी थांबली तर ते तिच्यावर टेकेल. म्हणून वीज जाताच डिस्क आपल्याच फिरत्या मोटरचा जनित्रासारखा वापर करते. तबकड्यांच्या उरलेल्या वेगातून वीज काढते आणि त्या विजेवर डोकं सुरक्षित जागी नेऊन ठेवते. अभियंत्यांनी केलेल्या सोयींपैकी ही मला सर्वांत सुंदर वाटते. पण ती आणीबाणीसाठी आहे, रोजच्या वापरासाठी नव्हे. सैल कनेक्टरमुळे वीज क्षणभर तुटते आणि परत येते, तेव्हा प्रत्येक वेळी डिस्कला ही कसरत करावी लागते.

आणि डिस्क याची नोंद ठेवते. ‘स्मार्ट’ नावाच्या तिच्या अंतर्गत वहीत, मोफत मिळणाऱ्या कोणत्याही डिस्क तपासणी प्रोग्रॅममधून, ती कुणालाही वाचता येते. क्रमांक १० वर फिरण्याचा प्रयत्न किती वेळा पुन्हा करावा लागला ते लिहिलेलं असतं, क्रमांक १२ वर डिस्क किती वेळा चालू झाली ते, आणि बहुतेक डिस्कमध्ये क्रमांक १९२ वर वीज तुटल्याने डोकं किती वेळा घाईने परतवावं लागलं ते. नवी डिस्क बसवल्या दिवशी हे तिन्ही आकडे कागदावर उतरवून ठेवावेत आणि महिन्याने पुन्हा पाहावेत. बारावा आकडा तुमच्या रोजच्या चालू-बंदच्या हिशेबानेच वाढला आणि दहावा शून्यावर राहिला, तर वीज नीट पोहोचते आहे. मशीन चालू असताना, एकदाही बंद न करता, बारावा किंवा एकशे ब्याण्णवावा पुढे सरकला, तर डिस्क बदलू नका. केबल बदला.